भिंतीकडची ज्वारी

हडपसरच्या पुढे, कालव्याच्या खालच्या अंगाला सरकारी संशोधनाचं एक शेत होतं. तिथे मी एकोणीस वर्षं रोजंदारीवर होते. शाळा माझी चौथीपर्यंत. पण अक्षर बरं होतं आणि आकडा चुकायचा नाही, म्हणून कणसांना चिठ्ठ्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्या बायांच्या हातात खुरपं आणि माझ्या हातात पेन्सिल. त्यावरून त्यांनी मला पुष्कळ ऐकवलं. मी बांधावरून येताना दिसले की म्हणायच्या, "सरका गं, तलाठीणबाई आल्या." मी म्हणायचे, "सरकाच. धाट मोडलं तर तुमच्या नावावर लिहीन."

मी लागले तेव्हा शेताच्या तीन बाजूंना पेरूच्या बागा आणि कांदा होता. नंतर एकेक बाग गेली आणि काचेच्या इमारती आल्या. आत संगणकावर बसणारी पोरं-पोरी, बाहेर त्यांना आणणाऱ्या बसगाड्या. माझी सून त्यातल्याच एका इमारतीत साफसफाईला लागली. एकाच भिंतीच्या अलीकडे मी ज्वारीत आणि पलीकडे ती फरशीवर. भाकरी एका तव्यावरची, खायला दोन जागा.

आमच्या मॅडम शास्त्रज्ञ होत्या. कोथरूडहून स्कूटरवर यायच्या, डोक्याला रुमाल बांधून. आवाज कधी चढवायच्या नाहीत. काम चुकलं की विचारायच्या, "मावशी, हे मुद्दाम केलंत की आपोआप झालं?" यापेक्षा शिवी बरी.

पहिल्याच हंगामात त्यांनी आम्हा सात-आठ बायांना बांधावर बसवलं आणि सांगितलं, "आपल्याला ज्वारीच्या धाटावर मोटार चालवायची आहे."

माझ्याशेजारी माझी जोडीदारीण बसली होती. आम्ही दोघी कायम लागून लागून ओळी धरायचो. ती म्हणाली, "मॅडम, मंग आमी भाकरी कशाची खायाची?"

"ज्वारीचीच. दाणा तुमचा, रस मोटारीचा."

मग त्यांनी समजावलं. उसासारख्या गोड धाटाची एक ज्वारी असते. तिचा रस काढायचा, आंबवायचा, उकळून त्याचा अर्क करायचा आणि तो पेट्रोलात मिसळायचा.

"म्हंजी दारूच की वो," जोडीदारीण म्हणाली.

"हो. पण ती मोटार पिणार."

"मोटारीलाच पिऊ द्या बाई. आमच्या घरातल्याला हितला पत्ता देऊ नका."

सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. मी हसले नाही, कारण मला ते खरंच वाटत नव्हतं. आम्ही धाट चघळून चोथा थुंकणारी माणसं. त्यावर मोटार चालते म्हणे.

उसाला पाणी फार लागतं, ज्वारीला थोडक्यात भागतं, एवढं माझ्या ध्यानात आलं. मॅडमना ही ज्वारी न्यायची होती ती उत्तरेकडच्या कोरड्या मुलखात. तिथे पावसाळी पीक निघालं की जमीन तशीच पडून राहते. पाणी नाही, आणि हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठेल अशी थंडी. मी म्हणाले, "त्यात काय, शाळूला थंडी मानवते. हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक आहे."

"वाढताना मानवते, मावशी. फुलताना फार झाली तर नाही. आणि या गोड धाटाला तर मुळीच नाही."

ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. कणीस पानांच्या पोटरीतून बाहेर पडतं, म्हणजे ज्वारी निसवते, मग त्याच्यावर बारीक पिवळी धूळ येते. त्या धुळीने दाणा धरतो. ती यायच्या दिवसांत कडाक्याची थंडी पडली की धूळच मरते. कणीस दिसायला ऐटदार, पण तळहातावर चोळलं की नुसतं भूस. फुंकर मारली की हात रिकामा.

म्हणून मॅडमनी कुठल्याशा परदेशी डोंगरावरची एक ज्वारी आणली होती. खुजी, काळपट, कणीस मुठीएवढं. धाट चघळलं तर लाकूड. पण थंडीत दाणा धरायची. तिचा आणि गोड धाटाचा संकर करायचा, त्यांच्या पोटी जी निपजतील त्यांतून गोडही आणि काटकही असं झाड शोधायचं, असं ते काम. आम्ही दुपारी सुईने एकेका फुलातले धूळ धरणारे तुरे काढायचो, कणसावर खाकी कागदाची पिशवी बांधायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ज्वारीची धूळ त्यावर झटकायचो. मग मी चिठ्ठी लावायचे. बाया विचारायच्या, "आज कुनाचं लगीन?" मी चिठ्ठी वाचून सांगायचे, "काळ्याचं आणि गोडीचं." "कालबी त्येचंच हुतं की!" "रोज त्याचंच आहे. वर एकच, वरातीत तुम्हीच."

गोडी बघायला मॅडमकडे एक नळी होती. काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरली की आत आकडा दिसायचा. पण धाटं शेकड्यांनी. म्हणून आधी मी दाताने सोलून चघळायचे आणि ज्याला मी "हं" म्हणेन त्यालाच नळी लागायची. माझी जीभ आणि ती नळी फारशा भांडल्या नाहीत.

असे पाच हिवाळे गेले. गोड निघायची ती थंडीत पोचट, थंडी सोसायची ती लाकूड. शिवाय पुण्याची थंडी लहरी. ज्वारी फुलायची एका आठवड्यात आणि थंडी यायची दुसऱ्याच. सहाव्या हंगामात मॅडमनी आम्हाला सांगितलं की मार्चमध्ये दिल्लीहून माणसं येणार आहेत. थंडीत दाणा धरणारं गोड धाट त्यांना दाखवता आलं नाही तर हे काम बंद, जमीन दुसऱ्या पिकाला.

"यंदा एक झाड पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकच. पण पाहिजे."

त्या वर्षी ज्वारी फुलली डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं. आठ-दहा दिवस ऊब. सगळी कणसं भरली, नालायकसुद्धा. आमचे मुकादम खूश. ते सांगायला धावले, "मॅडम, सगळी पास!"

"सगळी पास म्हणजे परीक्षाच झाली नाही," मॅडम म्हणाल्या आणि खोलीत जाऊन बसल्या.

थंडी आली ती वर्ष सरताना. आणि आली ती अशी की मॅडमच्या थंडी मोजायच्या पांढऱ्या पेटीतला पारा एवढा खाली मी कधी पाहिला नव्हता. सकाळी पेन्सिल धरवत नव्हती. पण आता काय उपयोग? शेतात फुलायचं काही उरलंच नव्हतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

प्रयोगाच्या शेताला कडेने दोन-चार ओळी जादा पेरतात. वारा, गुरं, येणारे-जाणारे यांचा मार त्यांनी खायचा आणि आतल्या ओळी राखायच्या. त्यांची नोंद नाही, त्यांना चिठ्ठी नाही. बीसुद्धा पाकिटांच्या तळाशी उरलंसुरलं, सगळं एकात मिसळलेलं. शेताच्या खालच्या टोकाला, कंपनीच्या भिंतीला लागून तशा चार ओळी मीच पेरल्या होत्या, उरलेलं बी ओच्यात घेऊन. आणि आमच्याकडे रिवाज होता की कडेचं ते बायांचं. हुरडा, धाट, कडबा, जे असेल ते आम्ही न्यायचं.

मधली सात-आठ धाटं सोडली तर त्या चार ओळी डिसेंबर अर्धा झाला तरी पोटरीत आल्या नव्हत्या. नुसती हिरवीगार पानं आणि मनगटाएवढी धाटं. मुकादम म्हणाले, "ही वांझ निघाली." मलाही तेच वाटलं. कोणी पुन्हा तिकडे पाहिलं नाही. ऐन कडाक्यात ती निसवली, फुलली, आणि आम्ही सगळ्या तिकडे पाठ करून आतल्या ओळींच्या पिशव्या सोडत होतो.

जानेवारी संपत आला तेव्हा मुकादम म्हणाले, "भिंतीकडचं कापून न्या गं. जमीन मोकळी करा."

आम्ही विळे घेतले. बाया कापता कापता कणीस चोळून बघत होत्या. हुरड्याचे दिवस, तोंडाला पाणी सुटलेलं. पण चोळलं की भूस. जोडीदारीण दुसऱ्या ओळीतून ओरडली, "समदं फुसकं! सालभर राबून हुरडा बी न्हाई."

"धाट चघळ," मी म्हणाले, "आणि गप कापत राहा."

मी कापत होते, धाट डाव्या अंगाला आडवं टाकत होते, सवयीने कणीस ओरबाडून चोळत होते. एकदा हाताला ओलसर लागलं. फुंकर मारली, हिरवे दाणे राहिले. तोंडात टाकले. गोड. आणखी थोडे ओरबाडले, चोळले, फुंकले, खाल्ले. तिसऱ्यांदा हात भरला होता तेव्हा जोडीदारीण कंबर सरळ करून म्हणाली, "आगं, तुला कुठनं घावला हुरडा?"

मी तोंड चालवायची थांबले.

आजूबाजूला शे-दीडशे कणसं पडली होती. सगळी त्याच बियाची, त्याच थंडीत फुललेली, सगळी भूस. आणि माझ्या हातात हे. सगळ्या शेतात ज्या झाडासाठी सहा वर्षं आम्ही सुया घेऊन वाकलो होतो ते झाड मी विळ्याने कापलं होतं आणि निम्मं खाल्लं होतं.

"थांबा!" मी ओरडले. "कोणी विळा चालवू नका. पाय हलवू नका."

"काय झालं? साप हाय का?"

"साप असता तर बरं झालं असतं."

तोंडातले दाणे मी ओच्यात थुंकले. चावलेले होते, कामाचे नव्हते, तरी थुंकले. मग ते धाट उचललं आणि त्याचा बुडखा शोधायला लागले. कापलेली खुंटं सगळी सारखीच दिसतात. पण विळ्याचा छेद तिरपा असतो आणि प्रत्येक धाटाला तो वेगळा बसतो. मी धाट एका खुंटावर टेकवलं, जुळलं नाही. दुसऱ्यावर टेकवलं, जाड झालं. चौथ्यावर ते असं बसलं की मधली रेघ दिसेना. छेदावर रस अजून ओला होता. मी डोक्याचा पदर फाडून खुंटाला चिंधी बांधली आणि धाट आडवं दोन्ही हातांवर घेऊन मॅडमच्या खोलीकडे निघाले.

मागून मुकादम आले. "मावशे, येडी झालीस का? गप बस. कडेचं हाय, कोन इचारतंय? बोललीस तर उद्यापासनं घरी बसशील."

त्यांचं खोटं नव्हतं. मी बोलले नसते तर कोणालाही कळलं नसतं. म्हणूनच बोलायला पाहिजे होतं.

मॅडम पाकिटांवर आकडे घालत होत्या. मी दारातूनच म्हणाले, "मॅडम, मी तुमचं कणीस खाल्लं."

"कुठलं?"

"भिंतीकडचं."

"ते तुमचंच असतं, मावशी. खा की."

"त्यात दाणा होता."

त्यांनी मान वर केली. माझ्या हातातल्या धाटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा धाटाकडे. "आणि बाकीची?"

"बाकीची सगळी भूस. चारही ओळी."

त्या उठल्या त्या बूट न घालताच शेतात गेल्या. सगळी पडलेली कणसं त्यांनी एकेक करून चोळली. आम्ही बाया बाजूला उभ्या होतो. तास गेला असेल. मग त्या माझ्याकडे आल्या, धाटाचं बुडाकडचं दोन बोटांएवढं कांडं कापलं आणि माझ्यापुढे धरलं. मी चघळलं.

"हं," मी म्हणाले.

त्यांनी नळी काढली, उजेडाकडे धरली. बराच वेळ डोळा काढला नाही. म्हणाल्या, "निम्मं खाल्लंत?"

"निम्म्याला थोडं कमी."

"हे मुद्दाम केलंत की..." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडताना पाहिलं. रागावल्या नाहीत. रागवायला वेळच नव्हता. दाणा हिरवा होता, दुधातून नुकता घट्ट व्हायला लागलेला. असा सुकवला तर उगवेल याची खात्री नाही.

"धाट पाण्यात उभं करा," मी म्हणाले. "कापलेलं धाट लगेच मरत नाही. रस असेपर्यंत दाण्याला पाजतं."

मॅडमना ते माहीत असणार, पण त्या "बरं" म्हणाल्या. खिडकीपाशी बादली ठेवली, पाण्यात चमचाभर साखर घातली, धाट भिंतीला टेकवून उभं केलं. मुकादम येऊन बघून गेले. "सलाईन लावलं का पेशंटला? जेवाय काय देनार?" मी रोज सकाळी पाणी बदलायचे आणि बुडाकडून नखभर तुकडा कापायचे, म्हणजे तोंड उघडं राहील. तिकडे खुंटाभोवती बाभळीचे काटेरी फास लावले, तांब्याने पाणी घातलं. त्यालाही तीन फुटवे आले. पुढे उन्हाळ्यात त्यांना खोडकिडा लागला आणि ते गेले. राहिलं ते बादलीतलं.

एक गोष्ट मात्र मॅडमना सुटत नव्हती. बी तेच, पेरा त्याच दिवशीचा, मग या चार ओळी महिनाभर उशिरा का फुलल्या? त्या मला घेऊन खुंटांच्या ओळीवरून दोनदा फिरल्या. मला आठवलं ते मी सांगितलं. भिंतीला लागून असलेली ओळ सगळ्यांत उशिरा निसवली होती, चौथी त्यातल्या त्यात आधी. आणि मधल्या एका जागी सात-आठ धाटं वेळेवर फुलून भरलीही होती, त्यांचे दाणे कापणीआधीच पाखरांनी टिपले होते. त्याच जागी भिंतीपलीकडे कंपनीची पाण्याची टाकी उभी होती.

"टाकीची सावली," मॅडम म्हणाल्या. "पण सावली तर तिकडे पडते, दुपारी."

मला काय कळणार होतं? पण घरी गेल्यावर सुनेला विचारलं, "तुमच्या कंपनीचे मागचे मोठे दिवे कधी लागले गं?"

"दसऱ्याला, आत्या. उद्घाटन झालं तवापासनं. रातभर चालू असत्यात. भिंतीकडं वाचता येईल एवढा उजेड पडतो."

"टाकीमागे पण?"

"टाकीमागं अंधार. तिथं तर आमची पोरं डुलकी काढत्यात."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना ते जसंच्या तसं सांगितलं. त्या बांधावर बसल्याच. म्हणाल्या, "मावशी, ज्वारी रात्र मोजते. रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायला पाहिजे. ह्या ओळींना रात्र झालीच नाही."

मी आयुष्यभर ज्वारीत राबले. पेरली, खुरपली, कापली, भाजून खाल्ली. ती रात्र मोजते हे मला माहीत नव्हतं. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, आकडे मी लिहायचे आणि मोजत ती होती. मी त्या भिंतीकडे बघत बसले. पलीकडे पोरं कुठल्या देशाची कामं करत रात्रभर जागी असायची, त्यांच्यासाठी दिवे. त्या दिव्यांनी अलीकडची चार ओळी ज्वारी फसली. फसली म्हणून ऐन थंडीत फुलली. मॅडमनी सहा वर्षं जी परीक्षा घ्यायचा प्रयत्न केला ती भिंतीने परस्पर घेतली होती, आणि दीडशेत एक पास झालं. आजूबाजूला एकाही फुलावर जिवंत धूळ नव्हती, तेव्हा त्या झाडाने स्वतःच्या धुळीवर दाणा धरला. त्या विचाराने माझ्या हातावर काटा आला. थंडी सरत आली होती तरी.

बादलीतलं कणीस सव्वीस दिवस टिकलं. दाणे सुरकुतले पण कडक झाले. मॅडमनी मोजले, दोनशे अकरा निघाले. मार्चमध्ये दिल्लीची माणसं आली तेव्हा टेबलावर एक पाकीट, एक वाळकं धाट, बस्स.

एक साहेब म्हणाले, "याचे आईबाप कोण?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "उरलंसुरलं बी."

"आणि कणीस अर्धंच का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पक्ष्यांनी खाल्लं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, हे उगवेल का? मॅडमनी त्यांच्यासमोर दहा दाणे काढून मला दिले. मी ते मटकीला मोड आणतात तसे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी फडकं उघडलं तर दोन दाण्यांना पांढरं टोक फुटलं होतं. मी पळत खोलीत गेले. मॅडम म्हणाल्या, "दोन. पुष्कळ झाले." त्यांनी दिल्लीला कळवलं, आणि एक हंगाम मिळाला. एकच.

सप्टेंबरात आम्ही ती ज्वारी भिंतीकडच्याच ओळीत पेरली, टाकीची जागा सोडून. छत्तीस रोपं उगवली. आणि त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. पावसाळ्यात दिव्यांमुळे किडे फार येतात म्हणून मुकादमांनी तक्रार केली होती. तिला कंपनीचं सभ्य उत्तर आलं, की तसदीबद्दल क्षमस्व, मागचे दिवे रात्री बंद ठेवण्यात येतील.

मॅडमनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहिलं, कृपया दिवे रात्रभर चालू ठेवावेत, आम्हाला त्यांचा फार उपयोग होत आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सुरक्षा अधिकारी स्वतः आला. त्याला वाटलं हा पुणेरी टोमणा आहे. दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आम्ही बंद करतोय म्हणालो ना. आणखी किती बोलणार?" त्याला शेतात नेऊन रोपं दाखवावी लागली. तो रोपांकडे बघे, दिव्याकडे बघे. शेवटी म्हणाला, "म्हणजे खरंच चालू ठेवायचे?" "खरंच," मॅडम म्हणाल्या. जाताना त्याने एक बंद पडलेला दिवासुद्धा दुरुस्त करून दिला.

ज्वारी वाढली. बाकीचं शेत फुललं तरी ती फुलली नाही. वर्ष संपलं आणि थंडी येईना. मुकादम रोज सांगायचे, "यंदा थंडी न्हाईच." मॅडम रोज पांढऱ्या पेटीपाशी उभ्या राहायच्या. सगळं फुलायच्या त्या आठ-दहा दिवसांवर होतं. ज्वारी उबेत फुलली असती तर सगळी पास, म्हणजे पुन्हा काहीच कळलं नसतं, आणि तिसरा हंगाम कोणी देणार नव्हतं.

कणसं पोटरीतून बाहेर पडली त्या आठवड्यात वारा उत्तरेला फिरला. सकाळी कालव्यावर धूर दिसायला लागला. पारा गेल्या वर्षीच्या खुणेपर्यंत उतरला आणि तिथेच बसला. आम्ही छत्तीस कणसांवर खाकी पिशव्या बांधल्या, बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून. बोटं इतकी गारठली होती की टाचण्या दाताने धराव्या लागत होत्या. पिवळी धूळ त्या पिशव्यांच्या आत आली असेल आणि मेली असेल, किंवा जगली असेल. बाहेरून कळायचं काही साधन नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "एका आईची लेकरं आहेत, मावशी. सगळी आईवर जातील असं नाही. एकही जाणार नाही असंही होऊ शकतं."

ती ज्वारी पुढे कुठे गेली, हे मला लोक विचारतात. तिचं बी उत्तरेला गेलं, एवढं मला माहीत आहे, कारण पुडक्यांवर आकडे मी घातले. तिच्यावर मोटारी चालल्या की नाही मला माहीत नाही. ते शेतही आता निम्मं रस्त्यात गेलं. मी सांगतेय ते पिशव्या सोडल्या त्या दिवसाचं.

फेब्रुवारीची सकाळ होती. ऊन चढल्यावर आम्ही दोघी भिंतीकडे गेलो. मॅडमच्या हातात वही, माझ्या हातात कात्री. बाया बांधावर उभ्या राहिल्या. जोडीदारीणसुद्धा.

पहिली पिशवी सोडली. चोळलं, फुंकलं, भूस. दुसरी भूस. तिसरी, चौथी, पाचवी भूस. मॅडम प्रत्येकापुढे शून्य घालत होत्या. सातव्यात चार-पाच दाणे होते, इकडे एक तिकडे एक. मॅडमनी पाच लिहिलं आणि ओठ मिटले. नंतर पुन्हा भूस. चौदाव्यापर्यंत आलो तेव्हा मी मॅडमकडे बघणं बंद केलं होतं.

पंधरावी पिशवी हाताला जड लागली. मी आधी ओली असेल म्हणून सोडून दिलं मनात. टाचणी काढली, कागद वर सरकवला. कणीस बुडापासून शेंड्यापर्यंत भरलं होतं. एक जागा मोकळी नव्हती. दाणे एकमेकांना रेटत होते, मोत्यासारखे वगैरे नाही, ज्वारीच्या दाण्यासारखे, थोडे काळपट. एवढी थंडी झाली, रात्रभर डोळ्यांवर दिवे, पाण्याचा थेंब नाही, आणि हे त्या कागदाच्या आत एकटं बसून भरत होतं.

आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाही. माझ्या बापाने तेव्हाच ते सगळं सोडलं, आणि मला कधी त्याची अडचण वाटली नाही. हात कुठे जोडायचे हा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी मात्र हातांना काय करावं कळेना. चोळायला पुढे केले आणि मागे घेतले.

मॅडम वही धरून उभ्या होत्या. पेन्सिल टेकलेली, पण काही लिहीत नव्हत्या.

"मॅडम, लिहा," मी म्हणाले.

"काय लिहू?"

"भरलं, असं लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अजून एकवीस पिशव्या राहिल्या होत्या. मी कात्री उचलली आणि आम्ही पुढच्या धाटाकडे गेलो.